तो फिल्टर अप्पांनी धुतला नव्हता

लातूरहून फोन आला तेव्हा मी कुंड्यांना पाणी घालत होते. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा बसवराज बोलत होता. ‘‘काकू, अप्पा गेले,’’ एवढंच म्हणाला. दोन दिवसांपूर्वीच त्यांना दवाखान्यातून घरी आणलं होतं. आता बरं वाटतंय, रविवारी या, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं. नांदेडहून निघून आम्ही दुपारपर्यंत पोचलो. अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून त्यांना बसवलं होतं. आमच्याकडे बसवूनच नेतात. दुकानातल्या गादीवर भिंतीला टेकून बसायचे तसेच दिसत होते, गिऱ्हाईक नसताना डोळा लागल्यासारखे... संध्याकाळी समाधी झाली. तुमच्या बाबांनी तुम्हा दोघा नातवंडांना तिकडे परदेशात कळवलं आणि दुसऱ्या दिवशी, ईशान, तुझा मला निरोप आला. तू लिहिलं होतंस, ‘आजी, अप्पाआजोबा म्हणजे ज्यांनी गाडीचा एअर फिल्टर साबणाने धुतला होता, तेच ना? खूप वाईट वाटलं.’

तुझं काही चुकलं नाही. आपल्या घरात चाळीस वर्षं ती गोष्ट तशीच सांगितली गेली. अप्पांची ओळख करून देताना कोणी त्यांचं दुकान सांगत नाही, त्यांचा दमा सांगत नाही, फिल्टर सांगतात. पण ती गोष्ट खोटी आहे आणि खरी गोष्ट माहीत असलेली मी एकटीच आता उरले आहे. गौरी, ईशान, तुम्हाला मराठी सावकाश वाचावं लागतं, म्हणून सोपं लिहिते. अडलं तर बाबांना विचारा. त्यांनाही हे ठाऊक नाही. तेव्हा ते दीड वर्षाचे होते आणि झोपले होते.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. त्याआधी आम्ही नांदेडला होतो. मी तिथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि तुमचे आजोबा सरकारी नोकरीत होते. जिल्हा झाला तशी नवी कार्यालयं उघडली आणि आजोबांची बदली लातूरला झाली. लातूर त्यांचं गावच. तिथे सासूबाई, म्हणजे अव्वा, आणि धाकटे भाऊ मन्मथ होते आणि कापडाचं दुकान होतं. सगळ्यांना वाटलं, देवानेच घरी आणलं. अडचण एकच होती, ती माझी नोकरी. मी अजून कायम झाले नव्हते, उमेदवारीचा काळ चालू होता. तो पुरा होण्याआधी सोडली असती तर पुन्हा कुठे लागेन याची खात्री नव्हती. शेवटी ठरलं ते असं : मूल, म्हणजे तुमचे बाबा, लातूरला अव्वांकडे राहील, मी आठवडाभर नांदेडला माझ्या वडिलांच्या घरी राहीन, शनिवारी दुपारी निघून लातूरला येईन आणि सोमवारी पहाटे परत जाईन. वडिलांनी त्यांची जुनी फियाट मला देऊन टाकली होती आणि ती चालवायलाही त्यांनीच शिकवलं होतं. अव्वांना ही व्यवस्था मुळीच पसंत नव्हती. त्या भांडत नसत. शनिवारी मी आले की बाळाला माझ्या मांडीवर ठेवून म्हणत, ‘‘बघ, वळखतंय का तुला.’’

वर्ष दुष्काळाचं होतं. लागोपाठ दुसरं. गल्लीत तीन दिवसांआड टँकर यायचा. अंघोळीचं पाणी परातीत धरायचं, त्यात भांडी विसळायची आणि उरलेलं अंगणातल्या बेलाला घालायचं, असा अव्वांचा नेम होता. पिण्याचं पाणी मात्र त्या कुणालाही हात लावू देत नसत. हंड्याच्या तोंडावर एक पांढरं वस्त्र बांधलेलं असायचं. त्यातून गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब देवाला नाही आणि माणसाला नाही. टँकरच्या पाण्याचा गाळ त्या वस्त्रावर खिरीच्या सायीसारखा धरायचा. त्यात जिल्हा नवा म्हणून जिकडे तिकडे खोदकाम. रस्ते रुंद होत होते, कचेऱ्या बांधल्या जात होत्या, दुष्काळी कामांवर खडी फोडत होते. लोहा, अहमदपूर, चाकूर असा माझा रस्ता होता आणि समोर ट्रक असला की मैलभर काही दिसायचं नाही. लातूरला पोचले की माझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या.

दिवाळीनंतर गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. अहमदपूरच्या अलीकडे चढ आहे, तिथे ती आचके द्यायची, मागून काळा धूर सोडायची आणि थांबायची. दोन सोमवारी मी कॉलेजात उशिरा पोचले. पहिल्या वेळी प्राचार्य काही बोलले नाहीत. दुसऱ्या वेळी त्यांनी मला बोलावलं आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं की तिसऱ्यांदा असं झालं तर कायम करण्याची शिफारस ते करू शकणार नाहीत. माणूस वाईट नव्हता. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. मिस्त्रीला दोनदा गाडी दाखवली, त्याने प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून साफ केला. दोन दिवस बरी चालली आणि पुन्हा तेच.

आता अप्पांकडे येते. ते तेव्हा अप्पा झाले नव्हते, सव्वीस वर्षांचे मन्मथभाऊजी होते. बारीक अंगाचे आणि लहानपणापासून दमेकरी. दुकानात ताग्यातून कापडाचा फाळका, म्हणजे तुकडा, फाडला की सुताची बारीक धूळ उडते, म्हणून नाकाला उपरणं बांधून बसायचे. सातवीनंतर शाळा सुटली होती. गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. मला मात्र ‘म्याडम’ म्हणून चिडवायचे. माझ्या वह्यांची त्यांना फार गंमत वाटायची. पेट्रोलची वही वेगळी, मैलांची वेगळी, बाळाच्या औषधांची वेगळी. ‘‘वैनी, हसायची वही कोणती हो, तेवढी दावा,’’ म्हणायचे.

त्या रविवारी आजोबा टँकरच्या पाहणीला दौऱ्यावर गेले होते. अव्वा दुपारी देवळात शिवपाठाला गेल्या होत्या. मी अंगणात गाडी चालू करून तिच्याकडे नुसती बघत उभी होते. भाऊजी दारातून बघत होते. मग जवळ आले, बॉनेटला कान लावला आणि म्हणाले, ‘‘हिला दम लागायलाय वैनी. माझ्यासारखाच. हिचं नाक कुठं असतंय?’’

मी त्यांना नाक दाखवलं. इंजिनावर काळ्या पत्र्याचा एक गोल डबा असतो, वर दोन कानांचा नट. त्या डब्यात फिल्टर असतो. इंजिनाला लागणारी हवा त्यातून गाळून आत जाते. मी त्यांना तसं सांगितलं आणि हेही सांगितलं की पुस्तकाप्रमाणे तो बदलायला अजून बरेच मैल बाकी आहेत, माझ्या वहीत नोंद आहे. भाऊजी नट फिरवत होते. ‘‘तुमच्या पुस्तकवाल्यानं लातूरची धूळ बघितलीय का?’’ त्यांनी झाकण उचललं. आतल्या घड्या दिसतच नव्हत्या. गुळाच्या ढेपेसारखा एक गोल काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

तो फिल्टर म्हणजे एक बुटकं नळकांडं होतं. आत जाळी, वर-खाली पत्र्याच्या दोन कड्या आणि मधे बारीक घड्या घातलेलं काहीतरी. भाऊजींनी त्यातली एक घडी चिमटीत धरली, जशी ते कापडाची पोत बघायला धरायचे. ‘‘ह्ये कापड न्हाई. कागद हाय. डिंक लावून ताठ केलेला. ह्याला पाणी लावू नगा, नुसतं झटकू. मी सायकलचा पंप घेऊन येतो, आतून बाहेर हवा मारू.’’ आणि ते गेले.

मी झटकलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण मला ते अर्धवट वाटलं. ज्या माणसाने आयुष्यात गाडीचं झाकण आज पहिल्यांदा उघडलं, तो मला सांगणार? आणि आमच्या घरात घाण झालेली प्रत्येक वस्तू धुतलीच जायची. नवं कापडसुद्धा धुतल्याशिवाय अंगाला लागत नसे. मला असंही वाटलं की गाळायची वस्तू धुवायची तर पाणी स्वच्छ हवं. परातीतल्या पाण्याने कशी धुणार... मी स्वयंपाकघरात गेले आणि हंड्यातलं गाळलेलं पाणी घेतलं. आधी दोन तांबे. मळ निघेना, तेव्हा आणखी. साबण लावला. शेवटी पाहिलं तर हंडा अर्ध्याच्या खाली आला होता आणि टँकर मंगळवारी येणार होता.

भाऊजी पंप घेऊन आले तेव्हा फिल्टर दोरीवर वाळत होता. ओल्या पापडासारखा. घड्या फुगल्या होत्या, एका बाजूने डिंक सुटून कागद लोंबत होता. त्यांनी हात लावला तसा तो हातात आला. मी पळत जाऊन गाडीचं पुस्तक आणलं, मघाशीच आणायला हवं होतं. ते पान काढून वाचलं. फिल्टर कधीही ओला करू नये, अशी स्वच्छ ओळ तिथे होती. मी ती मराठीत सांगितली. भाऊजी म्हणाले, ‘‘पुस्तकबी माझ्याच बाजूचं निघालं की.’’

मला रडू आलं. रविवार होता. नवा फिल्टर लातूरला इतर दिवशीही मिळाला नसता, नांदेडहूनच आणावा लागायचा. फिल्टरशिवाय त्या धुळीत गाडी नेली तर इंजिन जाणार. सकाळची एसटी मला साडेअकराच्या आत पोचवणार नव्हती आणि माझा तास अकराचा होता. उशीर झाला असता तर उद्याचा तो तिसरा सोमवार ठरला असता.

तेवढ्यात अव्वा देवळातून आल्या. पाय धुवायला नेमाप्रमाणे परातीकडे गेल्या, मग आत. हंडा बघून त्या दारात आल्या आणि त्यांनी हळू आवाजात विचारलं, पाणी कुणी घेतलं. माझ्या हाताला अजून साबण होता. मी तोंड उघडलं... आणि माझ्या आधी भाऊजी बोलले. ‘‘मी घेतलं अव्वा. वैनीच्या गाडीचा फिल्टर धुतला.’’

त्यानंतर अव्वा बोलल्या ते सगळं मी लिहीत नाही. मंगळवारपर्यंत बाळ काय पिणार, हे त्यांनी विचारलं आणि ते विचारायचा त्यांना हक्क होता. शेवटी म्हणाल्या, ‘‘रोज कापड मोजतोस आन् तुला कागद कळंना व्हय रे?’’ भाऊजी मान खाली घालून उभे राहिले. कापड आणि कागद यांतला फरक त्या घरात त्यांच्याइतका कुणालाच कळत नव्हता. मी गप्प राहिले.

आता ऐका त्यांनी काय केलं ते. कागद गेला, पण जाळी आणि कड्या शाबूत होत्या. त्यांनी दुकान उघडून मांजरपाटाचा तुकडा आणला, तोंडावर धरला आणि श्वास ओढला. फेकून दिला. दुसरं कापड आणलं, तेही तसंच. ‘‘नव्या कापडाला खळ असती. हवा ओढंना. धा-पंधरा पाणी लागल्याशिवाय ती जात न्हाई.’’ आणि पाणी कुठे होतं? जुनी धोतरं पाहिली, ती इतकी विरली होती की धूळ सरळ आत गेली असती. खळ पूर्ण गेलेलं, तरी वीण घट्ट असलेलं कापड घरात एकच होतं. ते त्यांनाही दिसत होतं आणि मलाही. हंड्याच्या तोंडावर.

त्यांनी अव्वांकडे ते मागितलं. अव्वांचा आधी कानांवर विश्वासच बसेना. म्हणाल्या, ‘‘देवाच्या पाण्याचं वस्त्र हाय ते.’’

‘‘उद्या अकराला पोचल्या न्हाईत तर वैनीची नोकरी जाती अव्वा.’’

‘‘जाऊ दे की मग. लेकरू तरी वळखंल आईला.’’

भाऊजींनी हातातलं कापड खाली ठेवलं. त्यांना धाप लागली होती, दोन-चार कापडांतून श्वास ओढल्यामुळे असेल. मग म्हणाले, ‘‘तुला वाचता यावं म्हणून मी सातवीत असताना किती डोकं फोडलं, ध्यानात हाय का? तू म्हणलीस, आता व्हत न्हाई, माझं वय गेलं. वैनीचं अजून गेलं न्हाई.’’

अव्वा उठल्या. हंड्याची गाठ सोडली, वस्त्र झटकलं, उन्हाकडे धरून भोक कुठे नाही ना ते बघितलं. ते त्यांनी भाऊजींच्या हातात दिलं नाही, माझ्या हातात दिलं. ‘‘नांदेडला गोदावरी हाय ना,’’ म्हणाल्या. ‘‘येताना धुऊन आण.’’ त्या आठवड्यात त्यांनी आपल्या जुन्या इरकलीचा पदर चौपदरी घडी करून त्यातून पाणी गाळलं. तसं मला नंतर कळलं.

भाऊजींनी ते वस्त्र जाळीवर दुहेरी गुंडाळलं, कड्यांपाशी सुतळीने आवळलं आणि टोकं दाभणाने टाचली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते माझ्याबरोबर निघाले, नाकाला उपरणं बांधून. चढावर गाडी खोकली नाही. अहमदपूरला मला थांबायला लावून त्यांनी डबा उघडला, वस्त्र सोडून झटकलं, पुन्हा बांधलं. मी घड्याळ बघत होते आणि ते मुद्दाम सावकाश करत होते. ‘‘घाई केली की गाठ सैल बसती म्याडम.’’ अकराला दहा मिनिटं कमी असताना मी कॉलेजच्या फाटकात होते. ते आत आले नाहीत. अव्वांसाठी केळी घेऊन एसटीने परत गेले.

वर्षअखेरीला मला कायम केलं. नांदेडहून मी तीन नवे फिल्टर आणून ठेवले होते. पुढे दोन वर्षं दर रविवारी भाऊजी अंगणात डबा उघडायचे, फिल्टर पायरीवर हलकेच ठोकायचे, पंपाने आतून हवा मारायचे, उजेडाकडे धरून बघायचे आणि उजेड दिसला नाही तर नवा घालायचे. मैलांची वही मी बंद केली. आजोबा पुन्हा नांदेडला आले, गाड्या बदलल्या, डबा पत्र्याचा होता तो प्लॅस्टिकचा झाला, गोल फिल्टर चौकोनी झाला, नटाऐवजी खटके आले. पण तेवढं काम भाऊजींनी मिस्त्रीला कधी करू दिलं नाही. आमच्याकडे आले की चहाच्या आधी बॉनेट.

आणि ती गोष्ट. अव्वांनी ती पाहुण्यांना सांगितली, पाहुण्यांनी पुढे. लग्नात सांगितली गेली, बारशात सांगितली गेली. भाऊजींचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्यांनाही कुणीतरी सांगितली. कापडवाला असून कागद धुतला! ते सगळ्यांबरोबर हसायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत.

एकदाच मी त्यांना विचारलं. अव्वा जाऊन वर्ष झालं होतं. मी म्हटलं, आता तरी खरं सांगूया, मला लाज वाटते. ते फिल्टर पुसत होते. म्हणाले, ‘‘वैनी, त्या दिवशी तुम्ही धुतला असं कळलं असतं तर अव्वा म्हणली असती, एवढं शिकून काय उपेग झाला. वस्त्र दिलंच नसतं तिनं. माझं काय, मी सातवी पास. माझ्या नावावर खपून गेलं.’’ मी म्हटलं, पण आता? ‘‘आता सांगून काय करता? लोकं हसत्यात, हसू द्या. बरं वाटतंय मला.’’ खरंच बरं वाटत होतं की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, ते मी इतक्या वर्षांत ठरवू शकले नाही.

तेराव्यापर्यंत आम्ही लातूरलाच राहिलो, त्या दिवशी सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर बसवराजने वडिलांच्या आठवणी सांगायला सुरुवात केली आणि अर्थातच फिल्टर आला. त्याने तो छान सांगितला, अव्वांच्या आवाजात सांगितला. डोळे पुसत सगळे हसले. मी समोर बसले होते. आता सांगावं असं वाटलं, शब्दही जुळवले होते... आणि मी पुन्हा गप्प बसले. माझ्यासारख्या नीटनेटक्या बाईला चाळीस वर्षांत एक वाक्य बोलता आलं नाही. म्हणून लिहिते आहे. बसवराज, तूही वाचशील : तो फिल्टर मी धुतला. तुझ्या वडिलांनी मला आधीच बजावलं होतं.

गेल्या रविवारी मी आपल्या गाडीचा फिल्टर बदलला. पंचाहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदा, एकटीने. तुमच्या बाबांचा फोन चालू होता, ते तिकडून म्हणत होते, आई, कुणाला तरी बोलाव. चारांपैकी एक खटका काही केल्या निघेना, नख मोडलं. मग घाई न करता थोडं दाबून वर उचलला, निघाला. जुना फिल्टर भाऊजींनीच दिवाळीत घातलेला. मी तो पुढच्या पायरीवर हलकेच ठोकला आणि खाली बघत राहिले. दिवाळीपासून ही गाडी लातूर सोडून दुसरीकडे कुठे गेलेली नाही. मुळातच आम्ही आता फार फिरत नाही. दवाखान्यात त्यांना बघायला सात वेळा लातूरला गेलो आणि आलो, आणि मग आठव्यांदा गेलो. पायरीवर मूठभर धूळ पडली, भुरकी आणि थोडी काळी.

कामवाल्या बाई केरसुणी घेऊन आल्या. त्यांना म्हटलं, आज पायरी राहू द्या.